मटरचे दिवस आणि एक 'आतां'

पंधरवड्यापूर्वी एका सकाळी गल्लीत आरोळी आली, "मटर ले लो, हरा मटर, मीठा मटर!" आणि मी हातातला चहा ओट्यावर ठेवून तशीच बाहेर गेले. आमच्या जबलपुरात थंडी आली हे कॅलेंडर सांगत नाही, मटर सांगतो. पुण्याकडचे लोक मटार म्हणतात, माझी आई वाटाणा म्हणायची, पण इथं राहून राहून आमच्या तोंडी मटरच बसला. त्याला आता काय करता. आधी एखादा ठेला दिसतो, मग चार दिसतात, आणि मग एके दिवशी घमापूरच्या चौकात पोत्यांच्या भिंतीच उभ्या राहतात. रस्ताभर टरफलं. त्यांचा तो ओला, कच्चा, हिरवा वास. गाईसुद्धा त्या दिवसांत चाऱ्याकडे ढुंकून बघत नाहीत. दारोदारी परात, सूप, आणि उन्हात पाय पसरून सोलत बसलेल्या बायका.

लोकांना या वासानं भूक लागते. कोणाला घुघरी आठवते, कोणाला मटरभात. माझ्या घशाशी मात्र काहीतरी कडू येतं. गोड मटर खाऊन तोंड कडू होणारी या गावात मी एकटीच असेन. आणि यंदा तर जास्तच, कारण यंदा तो पिक्चर पुन्हा घरात आला.

पिक्चर म्हणजे तुम्हाला वाटतो तसा नाही. लहान मुलांचा, छोटासा, फ्रान्स देशातला. माझं वय झालं तरी मी त्याचं नाव धड म्हणू शकत नाही. आम्ही त्याला 'वासराचा पिक्चर' म्हणत आलो. कालव्याच्या काठी एक गाव, गावात एक पोरगा, पोराकडे एक वासरू. वासरू त्याच्या मागं मागं शाळेत जातं, पाववाल्याकडे जातं, चर्चच्या पायऱ्या चढतं. आणि एके दिवशी घरचे लोक ते वासरू विकून टाकतात. माल वाहणारी एक लांबच लांब नाव असते, तिच्यावर वासराला चढवतात, नाव हलते, आणि पोरगा काठाकाठानं पळत सुटतो. बस, एवढाच पिक्चर. बोलणं जवळजवळ नाहीच. वारा, पाणी, एक बाजा, आणि पोराच्या तोंडी शेवटी एकच शब्द.

त्या एका शब्दाचंच सांगून राहिले.

आधी माझ्या मुलीचं सांगते. तिचं नाव वीणा. तिला ऐकू येत नाही. जन्मापासून येत नव्हतं, पण आम्हाला ते कळायला वेळ लागला आणि तोवर बारसं होऊन गेलं होतं. वीणा! लोक नाव विचारतात, मी सांगते, मग ते तिच्याकडे बघतात आणि विषय बदलतात. एका बाईनं तर मला विचारलंच होतं, "भाभी, बदल क्यों नहीं देतीं?" मी म्हटलं, काहून बदलू? तिनं कुठं तक्रार केली? ऐकलंच नाही तिनं ते नाव कधी.

ओठ मात्र वाचायची. फार लहानपणापासून. माझ्या तोंडाकडे अशी बघायची की मला घास गिळायची लाज वाटायची. घरात आम्ही मराठी. हे फॅक्टरीत नोकरीला, त्यांचं मूळ अमरावतीकडचं, माझं माहेर बैतूलचं. बाहेर सगळी हिंदी. तर पोरगी दोन्हीकडचे ओठ बघून बघून आपलं काहीतरी जुळवायची. "ये" म्हटलं की यायची. "पाणी" म्हटलं की कळायचं. फार नाही, पण होतं.

मग तिला बाहेरगावी, अशा मुलांच्या शाळेत घातलं. वसतिगृहाची शाळा. तिथल्या मोठ्या बहनजींनी आम्हाला समोर बसवलं आणि सांगितलं, "देखिए, बच्ची को एक ही भाषा दीजिए. दो-दो भाषाओं में ये कहीं की नहीं रहेगी. घर में भी हिंदी. और हाथ के इशारे बिल्कुल नहीं." यांनी विचारलं, "मराठी बिल्कुल बंद?" त्या म्हणाल्या, "आपको बच्ची बोलती हुई चाहिए कि मराठी?"

आम्ही मराठी बंद केली. म्हणजे तिच्यासमोर बंद केली. स्वयंपाकघरात मी आणि हे हळू बोलायचो, आणि वीणा दारात आली की आमचे ओठ हिंदी व्हायचे. चोरी केल्यासारखं. ऐकू न येणाऱ्या मुलीपासून आम्ही आवाज नव्हता लपवत, तोंड लपवत होतो! बहनजी आज असत्या तर मी त्यांना विचारलं असतं की बाई, आईनं लेकीसमोर स्वतःचे ओठ झाकावेत असं कोणत्या पुस्तकात लिहिलंय? आता म्हणे सगळं उलटं सांगतात. आता म्हणे घरची भाषाच आधी द्या, हात बांधू नका. चलो, अच्छा है. ज्यांच्या लेकरांच्या वेळेला ही अक्कल आली त्यांचं नशीब.

ती पहिल्या थंडीत सुट्टीला घरी आली, ते हे मटरचे दिवस.

त्या वर्षी आमच्याकडे व्हीसीआर होता. आमचा कुठला! शेजारच्या लष्करी कुटुंबाची बदली झाली होती, घर मिळेपर्यंत ते सामान आमच्याकडे ठेवून गेले होते, त्यात व्हीसीआर. "चलाते रहिएगा भाभीजी, नहीं तो जाम हो जाएगा," असं तेच सांगून गेले. मग काय. सदर बाजारात एक व्हिडिओ लायब्ररी होती, छावणीतल्या साहेब लोकांची पोरं तिथून कॅसेट न्यायची. मी वीणाला घेऊन गेले. काउंटरवरचा भैया मला एकेक पिक्चर दाखवून राहिला, आणि वीणानं खालच्या फळीवरून आपणच एक कॅसेट उपसली. डब्यावर वासराचं चित्र.

भैया हसला. "ये? भाभी, इसे कोई नहीं पूछता. न गाना, न मारपीट, न डायलॉग. ले जाइए, महीना भर रखिए, पड़ी ही रहती है."

ती पूर्ण थंडी ती कॅसेट आमच्याच घरी राहिली.

आणि मला त्या थंडीचं जे आठवतं ते असं आठवतं, तुकड्या-तुकड्यानं. पुढच्या खोलीत सतरंजी. मधोमध मटरचा ढीग, चार घरच्या बायका, पोरं. माझा मोठा अजय आणि त्याचे दोस्त पोटावर पडलेले. सोलता सोलता अर्धे दाणे तोंडात. टीव्हीवर वासरू, पण ते वासरू हिरवट-राखाडी, कारण कॅसेट घासलेली. आणि वीणा टीव्हीला चिकटून, तळहात लाकडी खोक्यावर टेकलेला. बाजा वाजला की तिच्या हाताला कळायचं. ती मागं वळून आम्हाला डोळ्यानं सांगायची, वाजतंय, वाजतंय.

एक गोष्ट ज्यांच्या घरी असं मूल नाही त्यांना कळणार नाही. वीणा नेहमी उशिरा हसायची. सगळे हसले की ती सगळ्यांची तोंडं बघायची, आणि मग हसायची. आपल्याला समजलं नाही हे कोणाला समजू नये म्हणून. इतकीशी पोर, पण ते शिकली होती. लोक म्हणायचे, किती हसरी आहे!

आणि या पिक्चरला ती सगळ्यांच्या आधी हसली. वासरू पाववाल्याच्या टोपलीत तोंड घालतं तेव्हा अजयच्या लक्षात यायच्या आधी ती खदखदून हसली. मग बाकीची पोरं तिच्याकडे बघून हसली. मी हातातली शेंग तशीच धरून बसले. शेजारच्या ठाकूरबाईंनी विचारलं, "क्या हुआ?" मी म्हटलं, "कुछ नहीं, मटर में कीड़ा था."

त्या खोलीत त्या दिवसांत कोणीच बहिरं नव्हतं. किंवा सगळेच होते. काय बोलला, काय बोलला, असं कोणी कोणाला विचारतच नव्हतं.

आणि मग शेवट यायचा. नाव हलते, पोरगा पळतो, हात लांब करून ओरडतो:

"आतां! आतां!"

मी आईकडून अक्षरं शिकले, शाळेत नाही. आईजवळ एक जुनी कहाण्यांची पोथी होती, त्यात 'आता'च्या डोक्यावर टिंब असायचं. 'आतां'. मी विचारायची, हे टिंब कशाला? आई म्हणायची, जुनी माणसं नाकातून म्हणायची म्हणून. तर हा फ्रान्सचा पोरगा बरोबर तसं म्हणायचा. नाकातून. टिंबासकट. अस्सल जुनं मराठी!

हे तर उडालेच. "अगं, हा तर आपला मराठी पोरगा आहे! काहून रे बाबू, तिकडं कुठं जाऊन पोहोचला?" आणि रोज पिक्चर तिथं आला की हे ठरलेलं म्हणायचे, "बघा, आला आमचा अमरावतीचा बाबू." सगळे हसायचे. ठाकूरबाईंना समजावून सांगावं लागायचं, "आता मतलब अब. 'अब! अब!' बोल रहा है." त्या म्हणायच्या, "अच्छा, अब क्या?" आम्ही काय सांगणार? आता काय होणार, असं असेल. आता मी काय करू, असं असेल. आम्हाला आमच्यापुरतं पटलं होतं.

तिथंच कॅसेट संपायची. म्हणजे पिक्चर पुढं असणार, पण कोणीतरी त्यावर दुसरं काही भरलं होतं की फीत खराब झाली होती, देव जाणे. पोरगा पळतोय, हात लांब, "आतां, आतां," आणि एकदम पडद्यावर मुंग्या. पुढं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. पोरं आपापला शेवट लावायची. अजयच्या शेवटात पोरगा पाण्यात उडी मारायचा.

मग एके दुपारी वीणा बोलली. मी परात उचलून आत चालले होते, मागून आवाज आला. तिचा आवाज तेव्हा फार कमी यायचा, आणि आला तर जड, घशातला. "आ-ता."

मी परात खाली ठेवली. मटर सगळीकडे घरंगळले. मी तिच्यासमोर बसले, "क्या बोली?" ती पुन्हा म्हणाली, "आता." ओठ उघडे, जीभ दाताला, अगदी स्वच्छ. 'अब' म्हणताना ओठ मिटतात, बघा म्हणून. 'आता'ला मिटत नाहीत. चूक होण्याचं कारणच नव्हतं.

संध्याकाळी हे आले, तर सायकलवरून उतरायच्या आधीच मी त्यांना सांगितलं. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, ती पडली, तरी उचलली नाही. "मराठी बोलली?" म्हणाले. "आपण बंद केलं, तरी पोटात राहिलं होतं म्हणायचं." आणि डोळे पुसले. बहनजींना सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. तो आमचा घरातला चोरून ठेवलेला ठेवा. बाहेर सगळी हिंदी चालो, आमच्या पोरीजवळ एक शब्द आमचा आहे.

सुट्टी संपली. मी तिला सोडायला गेले. वसतिगृहाचं लोखंडी फाटक, आत मोठं चिंचेचं झाड, तिथली बाई वीणाचा हात धरून उभी. वीणानं माझ्याकडे तोंड केलं आणि हात लांब केला. म्हणाली, "आता." पुन्हा म्हणाली, "आता."

माझं काळीज सुपाएवढं झालं. एवढीशी पोर, रडत नाही, भोकाड पसरत नाही, उलट मलाच सांगते, आता जा. मी पटकन पिशवी उचलली, कारण तिनं एवढा धीर धरलेला, मी रेंगाळले तर मोडेल. वळले आणि भराभरा चालत सुटले. मागं बघितलं नाही. गाडीत सगळ्या डब्याला सांगत आले, माझ्या लेकीनं मला स्वतः निरोप दिला.

मग ते दरवेळचंच झालं. गर्मीत, दिवाळीत, मटरच्या दिवसांत. फाटकाशी ती म्हणणार "आता", आणि मी पिशवी उचलणार. हे कौतुकानं सगळ्यांना सांगायचे, "आमची वीणा आईसारखी नाही, मजबूत आहे." हळूहळू तिनं म्हणणं सोडलं. मोठी झाली, आम्हाला वाटलं.

पुढं एकदा सदरमध्येच तो पिक्चर सीडीवर मिळाला. व्हीसीआर केव्हाच परत गेला होता, लायब्ररीत आता सीड्यांच्या चळती. वीणा तेव्हा कॉलेजच्या वयाची, घरी आलेली. मी धावत घेऊन आले. डब्यावर तेच वासरू, पण रंगीत, आणि वर मोठ्या अक्षरात 'अब हिंदी में'. मटरचेच दिवस. मी मुद्दाम शेजारच्या पोरांना बोलावलं, सतरंजी घातली, परात मांडली. तीच थंडी पुन्हा आणायला निघाले होते मी.

पिक्चर लागला आणि एक माणूस बोलायला लागला. पडद्यावर दिसत नाही, नुसता बोलतो. "एक था लड़का, बड़ा शरारती..." वारा वाहायचा तिथं हा बोलतो, पाणी दिसतं तिथं हा बोलतो, वासरू चर्चची पायरी चढतं तर हा वासराच्या तोंडून विनोद करतो. पोरं हसून हसून लोळली. आणि वीणा त्यांची तोंडं बघायला लागली. आणि मग हसली. उशिरा.

तिचाच पिक्चर, आणि त्यातही ती मागं राहिली. त्या बोलणाऱ्या माणसाचं काय वाकडं केलं होतं आम्ही? जगात बोलायला जागा कमी होती? गप्प राहिलेली एवढी एक जागा होती, तीही भरून टाकली. नावेपर्यंत पोहोचायच्या आधी वीणा उठली आणि टीव्ही बंद केला. पोरं ओरडली, "अरे दीदी!" तिनं ऐकलं नाही, अर्थातच. शेवट याही वेळेला कोणी बघितला नाही.

मी त्या मटरची उसळ केली. ती तशीच पडून राहिली.

वर्षं गेली. हे गेले. अजय पुण्याला. वीणा इंदूरला असते, ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते, नवरा तिच्यासारखाच, चांगला माणूस आहे. दोघं हातानं बोलतात. झरझर, वाऱ्यासारखं. मी त्यांच्या घरी जाते तेव्हा त्यांच्या गप्पांत पाहुण्यासारखी बसलेली असते. ते हसतात, मग मी हसते. उशिरा. कळलं का?

तिची मुलगी रुही ऐकणारी, बोलणारी, कॉलेजात आहे. मला नानी म्हणते. मराठी समजते म्हणते, बोलत नाही. आणि काय सुचलं पोरीला, तर फ्रेंच शिकून राहिली. यंदा दोघी थंडीत आल्या, आणि रुहीनं बॅगेतून एक जाड, गुळगुळीत डबी काढली. "नानी, मम्मी की फेवरेट पिक्चर! नई निकली है. पूरी साफ़ की है उन लोगों ने, एक-एक फ्रेम धोके. बाहर से मँगाई." आतमध्ये चकती, छोटं पुस्तक, पोराचा आणि वासराचा फोटो. एवढ्याशा पिक्चरचा केवढा थाट! माणसं एका कॅसेटीसाठी किती कष्ट घेतात. एकेक डाग शोधून पुसतात. मला कौतुकही वाटलं आणि रागही आला, उगीच.

परात मांडली. आम्ही तिघीच. पिक्चर लागला तर मी वासराला ओळखलंच नाही. तांब्यासारखं लालबुंद, कपाळावर पांढरा डाग! आम्ही इतकी वर्षं त्याला राखाडी समजत होतो. बोलणारा माणूस नव्हता. नुसता वारा. वीणानं नव्या चपट्या टीव्हीच्या कडेला हात लावून बघितला, त्याच्यात काही लागत नाही, तिनं हात काढून घेतला आणि मटर सोलायला लागली.

नाव हलली. पोरगा पळाला. "आतां! आतां!" मला भरूनच आलं. हे असते तर म्हणाले असते, आला आमचा बाबू. मी रुहीला म्हटलं, "बघ, हा मराठी बोलतो. तुझे आजोबा म्हणायचे."

खाली इंग्रजी अक्षरं येत होती, मला ती वाचता येत नाहीत.

रुही हसली. "मराठी कहाँ नानी? फ्रेंच है. आताँ मतलब रुको. वो बोल रहा है, रुको, रुको."

मी वीणाकडे बघितलं. ती रुहीचे ओठ वाचून राहिली होती. मान हलवली तिनं, जशी माहीत असलेल्या गोष्टीला हलवतात. मी तिच्यासमोर तोंड नेलं, सावकाश विचारलं, "तुझे पता था?"

"हाँ," ती म्हणाली. "पहले से. वो हाथ ऐसे करता है ना." आणि हात लांब करून दाखवला. तोच हात. फाटकातला.

"तू... गेट पे..."

"हाँ. रुको बोलती थी." तिचा आवाज सपाट असतो, त्यात राग नसतो, रडं नसतं, काही शोधायला गेलं तर सापडत नाही. तिनं एक शेंग फोडली, दाणे परातीत टाकले. "तुम रुकती नहीं थी. तुमको घर में काम रहता था. मैं समझती थी."

ती समजत होती! एवढीशी पोर चिंचेच्या झाडाखाली उभी राहून आईच्या कामाचा विचार करत होती. आणि ज्याला आम्ही मराठी समजून पोटाशी धरलं, ज्याच्यासाठी यांनी डोळे पुसले, तो शब्द आमचा नव्हताच. आमचा असता तर मी थांबले असते. तिला आमचं काही दिलं असतं तर 'थांब' दिलं असतं. एवढा साधा शब्द. थांब. ओठ मिटतात त्याला, दिसायला सोपा. पण तो बंद केलेल्या भाषेत होता, आणि पोरीनं जिथून मिळाला तिथून उचलला, एका वासराच्या पिक्चरमधून. तिनं बरोबर उचलला. तिला ऐकू येत नव्हतं म्हणून तिला बरोबर कळलं. मला ऐकू येत होतं.

"नानी, देखो, देखो," रुही म्हणाली. पडद्यावर मुंग्या आल्या नव्हत्या. पिक्चर पुढं चालला होता. नावेवरच्या म्हाताऱ्यानं काठाकडे बघितलं. काहीतरी खेचलं, दोर टाकला. ती लांबच लांब, जड नाव हळूहळू काठाला लागली आणि थांबली. वासरानं मान बाहेर काढली.

एवढंच होतं शेवटाला. नाव थांबते. इतकी वर्षं ते फितीच्या त्या बाजूला होतं.

वीणानं टाळी वाजवली, लहानपणी वाजवायची तशी. मी नाही वाजवली.

काल दुपारी त्या निघाल्या. ऑटो दारात. बॅगा चढल्या, पाया पडून झालं, गाडीची वेळ झाली म्हणून ऑटोवाला घाई करून राहिला. तेवढ्यात मला आठवलं, तिच्यासाठी सोलून ठेवलेल्या मटरचा डबा आतच राहिला. इंदूरला मटर मिळत नाही का? मिळतो. पण मी तीन दिवस बसून सोलला होता. मी आत गेले, डबा घेऊन बाहेर आले, तर ऑटो हललेला. आता बोलावं तर फोन होता, रुहीला एक फोन केला असता तर ऑटो वळला असता. पण मला फोनवर नव्हतं बोलायचं. मी दारातल्या ओट्यावर उभी राहून, हात लांब करून ओरडले,

"आतां! वीणा, आतां!"

सगळ्या गल्लीनं ऐकलं. किराणावाल्यानं मान बाहेर काढली, टरफलं खाणारी गाय दचकली. रुहीच्या कानात ते गाण्याचे बोळे होते. आणि वीणाचं तोंड पुढं होतं, रस्त्याकडे. ऑटो चौकातल्या पोत्यांमागं वळला.

"क्या हुआ चाची?" किराणावाला म्हणाला. "कुछ छूट गया क्या?"

"कुछ नहीं भैया," मी म्हटलं. "मटर रह गए."